कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात शिकलेलं नेटवर्किंग

तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी अकरा वर्षं काम करते. काम हिशेबाचं, पण ऑफिसात कॉम्प्युटरचं काहीही अडलं की हाक मलाच येते. शिक्षण बी.कॉम. कॉम्प्युटरचं म्हणाल तर एमएससीआयटी आणि टॅली, बस्स. वजनकाटा, प्रिंटर, सीसीटीव्ही, टॅलीचा मुख्य कॉम्प्युटर हे सगळं तारांनी एकमेकांना जोडलंय हे मला दिसत होतं. त्या तारांतून नेमकं काय जातं, ते माहीत नव्हतं.

फेब्रुवारी ते मे आमचा हंगाम. शेडवर रॅकवर वाळलेला, प्रतवारी होऊन पंधरा-पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरलेला बेदाणा ट्रॅक्टरनं, टेम्पोनं येत राहतो. काट्यावर वजन, ऑफिसात नोंद, शेतकऱ्याच्या हातात पावती, मग माल चेंबरला. ही साखळी कुठंही तुटली की गेटबाहेर रांग लागते. एका मार्चमध्ये काट्यावरच्या कॉम्प्युटरचा ऑफिसशी संबंधच तुटला. सांगलीहून येणाऱ्या नेटवर्कवाल्याला फोन केला, तो म्हणाला परवा येतो. दोन दिवस आम्ही पावत्या हातानं लिहिल्या. तिसऱ्या दिवशी तो आला, स्विच म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या तारा जिथं येऊन मिळतात तो डबा, त्यातली एक तार काढून शेजारच्या भोकात घातली आणि ८०० रुपये घेऊन निघाला. मी विचारलं, "काय झालं होतं?" तो म्हणाला, "पोर्ट गेलं होतं, वैनी."

८०० रुपयांचं मला काही वाटलं नाही. तो आला, त्यानं पाच मिनिटं बघितलं आणि त्याला कळलं, हे मात्र डोक्यातून जाईना. त्यानं काय बघितलं? आणि इतकी वर्षं त्याच स्विचसमोर बसून मला का दिसलं नाही?

मग मी चुकीच्या दारातनं आत गेले. मोबाईलवर जाहिरात आली: तीन महिन्यांत नेटवर्क इंजिनिअर, घरबसल्या, सर्टिफिकेटसह. १२,००० रुपये भरले. मिळाले काय, तर आधीच करून ठेवलेले व्हिडिओ. शंका विचारायला एक नंबर होता, तो पहिल्या आठवड्यानंतर उचलला गेला नाही. सगळ्यात वाईट गोष्ट ही, की शेवटी परीक्षा न घेताच सर्टिफिकेट आलं. माझं नाव छापलेला तो कागद हातात घेऊन मी स्विचसमोर उभी राहिले, तेव्हा मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. तो कागद मी आजवर कुणाला दाखवलेला नाही.

पुतण्या सांगलीत बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करत होता. सुट्टीत घरी आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो चिडलाच. "काकी, आधी मला विचारायचंस की. आयआयटीचे कोर्स फुकट असताना पैसे कशाला घातलेस?" त्यानं लॅपटॉप उघडून 'स्वयम' आणि 'एनपीटेल' दाखवलं.

एनपीटेल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं मिळून २००३ साली सुरू केलेला उपक्रम. सुरुवातीला नुसती व्याख्यानं होती, २०१४ पासून परीक्षा आणि प्रमाणपत्र सुरू झालं. 'स्वयम' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ मधलं, त्यावर हे कोर्स मिळतात. नाव नोंदवायला, व्हिडिओ बघायला, दर आठवड्याचा स्वाध्याय सोडवायला एक पैसा लागत नाही. परीक्षा द्यायची असेल तरच फी, मी भरली तेव्हा ती १,००० रुपये होती. ती परीक्षा मात्र घरी बसून देता येत नाही. केंद्रावर जायचं, ओळखपत्र दाखवायचं, तीन तास बसायचं. हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा या प्रकारावर विश्वास वाटला. जिथं नापास होता येतं, तिथंच काहीतरी शिकवत असणार असं माझ्या मनानं घेतलं.

गुणांचा हिशेब पुतण्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारा स्वाध्याय, त्यातले सगळ्यात चांगले आठ धरायचे, त्यांची सरासरी २५ गुणांवर आणायची. परीक्षा ७५ गुणांची. पास व्हायला स्वाध्यायात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही हवेत. ६० च्या वर एलिट, ७५ च्या वर रौप्य, ९० च्या वर सुवर्ण.

मी घेतलेला कोर्स आयआयटी खरगपूरचा, 'कॉम्प्युटर नेटवर्क्स अँड इंटरनेट प्रोटोकॉल', प्रा. सौम्यकांती घोष आणि प्रा. संदीप चक्रवर्ती यांनी शिकवलेला. जानेवारीत नाव नोंदवलं आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून दिलं. कारण साधं होतं. जानेवारीचं सत्र एप्रिलपर्यंत चालतं आणि फेब्रुवारीत आमच्याकडे बेदाणा यायला लागतो. रात्री नऊला घरी येऊन भाकरी थापल्यावर मला व्हिडिओतला आवाज ऐकू यायचा, शब्द यायचे नाहीत. आपल्या डोक्यातच कमी आहे असं मी तेव्हा समजून चालले. आज वाटतं, कोर्स निवडण्याआधी आपल्या वर्षाचं कॅलेंडर काढून बसायला हवं होतं. ज्याच्या घरी द्राक्षाची छाटणी आहे, ज्याचं ऊसतोडीचं काम आहे, ज्याच्या घरात मुलांची दहावी आहे, त्यानं ते महिने टाळून सत्र धरावं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून इथं लिहिते.

जुलैच्या सत्राला पुन्हा नाव घातलं. या वेळी आधी घरात बोलून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "सकाळचा चहा आन् डबा माझ्याकडं. तू पाचला उठून बस." मिस्टरांनी दूध घालायचं स्वतःकडं घेतलं. लेक नववीत, ती म्हणाली तूही अभ्यासाला बस, मीही बसते. पाच ते साडेसहा असा दीड तास मला मिळाला. लोक म्हणतात ऑनलाइन कोर्स फुकट असतो. माझ्या कोर्सची किंमत माझ्या सासूबाईंनी तीन महिने पहाटे उठून चुकवली आहे.

इंग्रजीची धास्ती होती. शाळा मराठी माध्यमाची, कॉलेजातही इंग्रजी पुस्तक फक्त परीक्षेपुरतं. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासाचा एक व्हिडिओ बघायला मला दोन तास लागायचे. थांबवायचा, मागं न्यायचा, खालचा मजकूर वाचायचा, वहीत मराठीत लिहायचा. चौथ्या आठवड्यापर्यंत तोच अर्ध्या तासाचा व्हिडिओ पाऊण तासात व्हायला लागला. शिकवणाऱ्यांचं इंग्रजी सोपं असतं, तेच दोनशे शब्द फिरून फिरून येतात. वाक्यरचना अवघड नसते, अवघड असते ती कल्पना. लिनक्सची, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या एका प्रणालीची, आज्ञा कशी द्यायची हे मात्र मी मराठीतूनच शिकले, आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर मराठी आवाजातले धडे आहेत. दहा-दहा मिनिटांचे, शेजारी खिडकी उघडून बरोबरीनं करून बघायचे.

माझी वही अशी भरत गेली, की एका बाजूला त्यांचा शब्द आणि समोर आमच्या कोल्ड स्टोरेजमधला. टीसीपीचा, म्हणजे माहितीचे तुकडे खात्रीनं पोचवायच्या रीतीचा, धडा चालू होता. पाठवणारा प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतो. घेणारा उलट कळवतो, इथपर्यंतचं मिळालं. कळवलं नाही तर पाठवणारा तो तुकडा पुन्हा पाठवतो. मी वहीत समोर लिहिलं: पोच. शेतकरी माल घालून पोच घेतल्याशिवाय गेटबाहेर जात नाही, पोच हरवली तर पुन्हा विचारायला येतो, हे मी रोज बघत आलेय. यूडीपी ही दुसरी रीत, म्हणजे पोच न घेता माल टाकून जाणारा. सीसीटीव्हीच्या चित्रासारख्या गोष्टींना तसं चालतं, एखादा तुकडा गळला तरी पुढचं चित्र आलेलं असतं. पावतीच्या नोंदीला ते चालणार नाही. असं जोडलं की विसरायचा प्रश्नच राहत नसे.

पाचव्या आठवड्यात सॉकेट प्रोग्रामिंग आलं, नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे सी भाषेतले प्रोग्राम. मला सी येत नाही. तीन पहाटा घालवल्या, जमलं नाही, स्वाध्यायात दहापैकी तीन प्रश्न बरोबर आले. पुतण्या म्हणाला, "काकी, बारातले आठच धरतात, हा सोड." मी सोडला. तो आठवडा आजही माझ्या वहीत कोरा आहे.

त्यानंतर आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांना दिलेले नंबर आले, आणि इथं मी सगळ्यात जास्त अडखळले. सबनेट, म्हणजे या पत्त्यांचे पाडलेले कप्पे. व्हिडिओत बघताना सगळं पटायचं. स्वाध्यायाचा प्रश्न समोर आला की हात थांबायचा. चार वेळा तोच धडा बघितला आणि चार वेळा मला कळलंय असं वाटलं. व्हिडिओ बघून येणारी ही 'कळल्याची' भावना किती फसवी आहे हे मी तेव्हा शिकले. शेवटी लॅपटॉप बंद केला आणि लेकीच्या जुन्या गणिताच्या वहीत, पेन्सिलीनं, हातानं सोडवायला लागले.

एक उदाहरण इथं सोडवून दाखवते, कारण याच एका गणितानं माझी गाठ सुटली. पत्ता १९२.१६८.१.७७, आणि मास्क /२७. आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो, बिट म्हणजे ० किंवा १. त्यातले पहिले २७ बिट नेटवर्कचे, उरले ५. पाच बिटांत २ चा पाचवा घात म्हणजे ३२ पत्ते बसतात. म्हणजे शेवटच्या आकड्याचे बत्तीस-बत्तीसचे कप्पे पाडायचे: ० ते ३१, ३२ ते ६३, ६४ ते ९५, असे. ७७ कुठं पडतो? ६४ ते ९५ मध्ये. या कप्प्यातला पहिला, ६४, हा नेटवर्कचा स्वतःचा पत्ता. शेवटचा, ९५, हा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. मधले ६५ ते ९४ हे तीस पत्ते यंत्रांना द्यायला मोकळे. ७७ वाल्याला ९० वाल्याशी बोलायचं असेल तर थेट बोलेल. १०० वाल्याशी बोलायचं असेल तर राउटरकडे जावं लागेल, कारण १०० पुढच्या कप्प्यात आहे.

आमच्याकडे प्रत्येक बॉक्सवर चेंबर आणि रॅकचा नंबर असतो. चेंबर तीन, रॅक बारा. एकाच चेंबरमधला माल हमाल हातानं या रॅकवरून त्या रॅकवर नेतो. दुसऱ्या चेंबरला न्यायचा तर दारातनं बाहेर, व्हरांड्यातनं जावं लागतं. मास्क एवढंच सांगतो की या लांब नंबरात चेंबरचा नंबर कुठं संपतो आणि रॅकचा कुठं सुरू होतो. राउटर म्हणजे ते दार. हे सुचलं त्या पहाटे मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या दारात कोण उभा असतो?" प्रश्न बरोबर होता. पुढच्या आठवड्याचे सगळे धडे त्याच प्रश्नाचं उत्तर होते: राउटरला कसं कळतं, कुठला माल कुठल्या दारानं सोडायचा.

त्या काळात मी साठ-सत्तर सबनेटची गणितं केली असतील. /२६, /२८, /३०. चहा उकळेपर्यंत एक.

धड्यांबरोबर हाताला काम हवं म्हणून पुतण्यानं सिस्को या नेटवर्कचं सामान बनवणाऱ्या कंपनीचं 'पॅकेट ट्रेसर' बसवून दिलं. त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीवर नाव नोंदवलं की ते फुकट मिळतं. स्क्रीनवर राउटर, स्विच, कॉम्प्युटर ओढून आणायचे, तारा जोडायच्या आणि एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला पिंग करायचं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारून उत्तर येतं का बघायचं. पाकीट कुठं जातंय, कुठं अडतंय हे एकेक पाऊल टाकत दिसतं. आमच्या अख्ख्या कोल्ड स्टोरेजचं नेटवर्क मी त्यात उभं केलं. आणि तारेचं टोक बसवायलाही शिकले. आठ बारीक तारा, क्रम ठरलेला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिली सहा टोकं वाया गेली. निळ्याच्या जागी हिरवा जायचाच. सातवं बसलं.

सप्टेंबरात एक सकाळ आली, तिच्याबद्दल सविस्तर लिहायचंय.

सोमवार होता. ऑफिसात आल्या आल्या काट्यावरचा पोरगा धावत आला. "वैनी, नेट गेलंय बघा. टॅलीबी उघडंना." माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचंही तेच. पण टॅलीचा मुख्य कॉम्प्युटर चालू होता, आणि कोपऱ्यातला, जो आम्ही रात्रीही बंद करत नाही, त्यावर नेटही होतं आणि टॅलीही. एका खोलीत एकाला आहे, एकाला नाही. अण्णा, म्हणजे आमचे मालक, फोन काढून सांगलीला लावायलाच निघाले होते. मी म्हटलं, "अण्णा, अर्धा तास द्या मला."

खरगपूरच्या प्राध्यापकांनी वरून खाली शिकवलं होतं, आधी आपल्याला दिसणारं वेब-ईमेल, मग खाली खाली तारेपर्यंत. बिघाड शोधताना मी उलटी निघाले, तारेपासून वर. तार घट्ट होती. स्विचवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे खालचं ठीक. मग काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाइप केलं. माझ्या कॉम्प्युटरचा पत्ता आला १९२.१६८.०.१०३. मी तो आकडा दोनदा वाचला. आमचं सगळं नेटवर्क १९२.१६८.१ चं आहे. मुख्य कॉम्प्युटर १९२.१६८.१.१०. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बघितलं, १९२.१६८.१.२४. माझा कॉम्प्युटर दुसऱ्याच चेंबरला जाऊन बसला होता.

कॉम्प्युटर चालू झाला की तो हाक मारतो: कुणी पत्ता देतं का पत्ता? राउटरमधला डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारा, ती हाक ऐकून पत्ता देऊ करतो, कॉम्प्युटर तो मागून घेतो, राउटर होकार देतो. चार पावलं, मी ती वहीत चार बाणांनी काढली होती. पण हाक सगळ्यांना ऐकू जाते. उत्तर देणारे दोघं असतील तर ज्याचं उत्तर आधी पोचलं त्याचा पत्ता घेतला जातो. रात्रभर चालू असलेल्या कॉम्प्युटरकडे जुना पत्ता होता म्हणून तो बचावला. सकाळी चालू झालेले फसले. म्हणजे कुठंतरी दुसरा कुणीतरी पत्ते वाटत होता.

पत्त्याखाली गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, लिहिलेला होता, १९२.१६८.०.१. हाच तो. त्याला सतत पिंग लावून ठेवलं, उत्तरं एकाखाली एक येत राहिली. एआरपीची आज्ञा देऊन त्याचा बारा अक्षरी हार्डवेअर पत्ता कागदावर उतरवून घेतला. मग स्विचकडे गेले. चोवीस पोर्टांचा स्विच, तारांवर एकही चिठ्ठी नाही. काट्यावरच्या पोराला माझ्या स्क्रीनसमोर बसवलं, "उत्तर यायचं थांबलं की ओरड." एक तार काढायची, चार सेकंद थांबायचं, परत लावायची. पहिली, दुसरी, पाचवी, अकरावी. सतराव्या तारेला तो ओरडला, "थांबलं, वैनी!" परत लावली. "आलं!" पुन्हा काढली. "थांबलं!"

सतरावी तार भिंतीवरून, पत्र्याखालून प्रतवारीच्या हॉलला जात होती. हॉलमध्ये रिकाम्या क्रेटच्या मागं एक जुना वायफाय राउटर लावलेला होता. अण्णांच्या मुलानं रविवारी घरातनं आणून बसवलेला. हॉलमध्ये मोबाईलला रेंज येत नाही म्हणून त्यानं चांगल्या मनानं केलेलं काम. राउटर उलटा केला. तळाच्या स्टिकरवर बारा अक्षरं होती. माझ्या कागदावरची आणि ती, एकेक अक्षर बोट ठेवून जुळवली. जुळली.

राउटर फेकायची गरज नव्हती. त्यातलं पत्ते वाटायचं काम बंद केलं, त्याला १९२.१६८.१.२५० असा आमच्यातला पत्ता दिला आणि तार बाजूच्या साध्या पोर्टातच ठेवली. आता तो फक्त वायफाय देतो. बाकीच्या कॉम्प्युटरांना जुना पत्ता सोडून नवीन घ्यायला लावलं. दहा वाजून पाच मिनिटांनी काट्यावर पहिली पावती निघाली. अण्णा काही बोलले नाहीत. दुपारी मात्र त्यांनी माझ्या टेबलावर लेबल छापायचं छोटं यंत्र आणून ठेवलं. आज आमच्या प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना नाव आहे.

एक गोष्ट मनाला लागते ती लिहायलाच हवी. स्वाध्यायाची उत्तरं मुदतीआधी मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये फिरतात. पुतण्याच्या वर्गातली बरीच पोरं ती बघून टिचक्या मारायची, व्हिडिओ न उघडता. त्यांना हे श्रेयांक म्हणून हवे असतात. युजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून घेता येतात, कॉलेजनं मान्य केले तर. चांगली सोय आहे ही, सांगलीतल्या पोराला खरगपूरचा मास्तर मिळतो. त्याची २५ गुणांसाठी अशी माती करताना बघून जीव तुटतो. माझा पाचव्या आठवड्याचा तीन गुणांचा स्वाध्याय माझ्या मालकीचा आहे. मला ठाऊक आहे की मला सी येत नाही.

परीक्षेचं केंद्र कोल्हापूर आलं, दुपारचं सत्र, दोन ते पाच. दिवाळीच्या तोंडावरचा रविवार, एसटीला उभं राहायला जागा नाही. सांगलीत गाडी बदलली, पुढं अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले. खिडकीची जागा मिळाल्यावर वही काढली आणि डायक्स्ट्रा या शास्त्रज्ञांची जवळचा रस्ता शोधायची रीत पुन्हा एकदा करून बघितली. १९५९ साली त्यांनी ती छापली, कितीतरी राउटर आजही त्याच रीतीनं जवळचा रस्ता काढतात. मी गावांच्या नावांनीच आकृती काढली. तासगावपासून निघून प्रत्येक गावापर्यंतचं कमीत कमी अंतर, जे ठरलं त्याला गोल करायचा, पुढच्यांची अंतरं सुधारत जायची.

केंद्रावर बहुतेक सगळी विशीतली मुलं. शेजारच्या मुलीनं अदबीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही एफडीपीसाठी का?" कॉलेजचे प्राध्यापकही हे कोर्स करतात, त्यांना ते प्रशिक्षण म्हणून धरलं जातं. मी म्हटलं, "नाही गं, मी कोल्ड स्टोरेजमध्ये असते." तिला ते कळलं नाही, पण ती हसली आणि तिच्याकडचं जास्तीचं पेन मला दिलं. कच्च्या कामाच्या कागदावर सबनेटचं गणित करताना तेच पेन होतं. सबनेटचे सगळे प्रश्न मला आले. कंजेशन कंट्रोलचे, म्हणजे नेटवर्कवरची गर्दी आवरायचे, दोन प्रश्न मी नुसते अंदाजानं टिचकले, तो भाग माझा आजही कच्चा आहे. सॉकेटचा प्रश्न वाचला आणि पुढं गेले. पाच वाजता बाहेर पडले तेव्हा पाय जड झाले होते, रात्री नऊला घरी पोचले. लेकीनं वरणभात लावून ठेवला होता.

निकाल काही आठवड्यांनी आला. स्वाध्यायाचे २५ पैकी २१, परीक्षेचे ७५ पैकी ४६. एकूण ६७, एलिट. सर्टिफिकेट मोबाईलवरच बघितलं, खाली क्यूआर कोड असतो, तो टिपला की कुणालाही खरंखोटं करता येतं. सासूबाईंनी ते देवापुढं ठेवायला सांगितलं, म्हणून कागदावर छापून आणलं.

यानं नोकरी लागते का, हे मला खूपजणी विचारतात. खरं सांगते, या एका कागदावर कुणी नेटवर्क इंजिनिअर म्हणून घेणार नाही. ही पदवी नाही. कंपन्यांत सिस्कोचं सीसीएनए हे प्रमाणपत्र विचारतात, त्या परीक्षेची फी ३०० डॉलर आहे आणि माझी अजून ती तयारी नाही. माझा पगार मात्र १,५०० रुपयांनी वाढला, आणि शेजारच्या दोन कोल्ड स्टोरेजमधून मला बोलावणं येतं. व्हिजिटचे मी ३०० घेते, आणि काय झालं होतं ते त्यांच्या माणसाला समोर बसवून समजावून सांगते. शिकायची इच्छा असलेल्या बाईला मी एवढंच विचारते, तुझ्या हाताशी कुठलं नेटवर्क आहे? दुकान, शाळा, पतसंस्था, दवाखाना, कुठलंही. त्याच्या तारा मोजून कागदावर काढ, मग कोर्सला नाव घाल. हाताशी खरी वस्तू नसती तर माझी वही बाराव्या आठवड्यापर्यंत भरली नसती.

येत्या जुलैत मी सी भाषेच्या कोर्सला बसणार आहे. तो पाचवा आठवडा भरायचाय.

गेल्या आठवड्यात अण्णांनी नवीन चेंबरचं काम दाखवायला नेलं. पाचवा चेंबर, आवाराच्या पार टोकाला. म्हणाले, "हितंबी एक कॉम्प्युटर आन् चार कॅमेरे पायजेत. ऑफिसातनं तार वढून घे." मी काट्यावरच्या पोराला टेप धरायला लावली आणि भिंतीच्या कडेकडेनं, तार जशी जाईल तशी, मोजत आलो. १४० मीटर भरलं.

"अण्णा, आपली ही तांब्याची तार शंभर मीटरच्या पुढं नाही चालत," मी म्हटलं. "एक तर मधी स्विच बसवून त्याला लाईट द्यावी लागंल, नाहीतर फायबर टाकायची. उघड्यावरनं जाणार, विजांचा धोकाय. मी म्हणते फायबरच टाकू."

"खर्च किती?"

मी वही काढली आणि तिथंच, विटांच्या ढिगावर बसून लिहायला लागले.